वाचकांचे प्रश्न : मुलांची कादंबरी एजंटकडे पाठवताना

प्रश्न : मी गेली १८ वर्षे न्यू जर्सीत राहते. मी लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी गेल्या वर्षी पूर्ण झाली. ११ वर्षांची ईरा उन्हाळ्याच्या सुटीत कुडाळजवळच्या आजोळी येते आणि विकायला काढलेली आमराई वाचवण्यासाठी धडपडते, अशी ती गोष्ट आहे. शब्दसंख्या ९२ हजार आहे. आजवर १४ लिटररी एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणाऱ्या मध्यस्थांना, ती पाठवली आणि सगळ्यांकडून दोन ओळींचा ठरावीक नकार आला. या मंडळींना नेमके काय हवे असते? सोबत एजंटना पाठवलेले पत्र, पहिले प्रकरण आणि कथासार जोडत आहे.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपण सगळे कागद पाठवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. पत्रात आपण ‘८ ते १६ वयाच्या सर्व मुलांसाठी’ असे लिहिले आहे आणि पहिली अडचण तिथेच आहे. अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या वाचकांसाठीची पुस्तके ‘मिडल ग्रेड’ आणि त्यापुढची, साधारण १८ वर्षांपर्यंतची, ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणून ओळखली जातात. प्रकाशन संस्थांतले संपादक आणि दुकानांतली कपाटे यांचीही विभागणी बहुधा त्यानुसारच असते. मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलांविषयी वाचायला आवडते, म्हणून ११ वर्षांची नायिका असलेली आपली कादंबरी मिडल ग्रेडमध्येच बसते. त्या वयासाठीच्या वास्तववादी कादंबऱ्या साधारणपणे ४० ते ६० हजार शब्दांच्या असतात. ९२ हजार हा आकडा वाचून अनेक एजंट पहिल्या पानापर्यंत पोहोचतच नसावेत. हस्तलिखित विकले गेले तरच एजंटला मोबदला मिळतो, त्यामुळे संपादकाला पटवून देता येईल असेच हस्तलिखित तो हाती घेतो.

शब्द कमी करता येतात. त्याहून अवघड गोष्ट आवाजाची, म्हणजे कथा कोणाच्या तोंडून ऐकू येते याची, आहे, आणि माझ्या मते एजंट सर्वांत जास्त शोधतात ती तीच. आपल्या पहिल्या वाक्याचा मराठीत आशय असा : ‘त्या जुन्या घराच्या भिंतींनी चार पिढ्यांची सुखदुःखे पाहिली होती.’ वाक्य नेटके आहे, पण ते ईराचे नाही. आजोळ दुरावलेल्या मोठ्या माणसाचे आहे. पुढे चौथ्या पानावर ईरा न्हाणीघरात जाते, बंबाच्या धुराने तिचे डोळे चुरचुरतात, आतली कडी लागत नाही, म्हणून एक पाय दाराला टेकवून, दुसऱ्या पायावर तोल सांभाळत ती तांब्याने पाणी अंगावर घेते. तिथे मी थांबलो आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला. आपले पुस्तक तिथे सुरू होते. बहुतेक एजंट पत्रासोबत पहिली पाच किंवा दहा पानेच मागवतात, म्हणून हा प्रसंग पहिल्या पानावर आणण्याचा विचार करावा.

कथासारात आणखी एक गोष्ट उघड होते. आमराईचा व्यवहार शेवटी ईराचा वकील मामा थांबवतो. कथासारात शेवट लपवायचा नसतो, त्यामुळे गाठ कोण सोडवते हे एजंटला लगेच दिसते. आणि ती मुलाने किंवा मुलीनेच सोडवावी, ही तिथली ठाम अपेक्षा असते. मोठ्यांनी येऊन सगळे निस्तरायचे आणि जाता जाता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, ही सवय आपल्या बालसाहित्यात जुनी आहे. मामाला काढू नका. मात्र त्याला हलवणारी गोष्ट ईराने केलेली असू द्या.

मराठी शब्दांविषयी आपण विचारले नाही, तरी सांगावेसे वाटते. ‘आजोळ’, ‘पडवी’, ‘आमराई’ या प्रत्येक शब्दामागे आपण स्वल्पविराम देऊन इंग्रजी अर्थ दिला आहे. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिले होते की, पुस्तक मुलांसाठी दुसऱ्यांचे जग दाखवणारी खिडकीही असते आणि स्वतःचे जग दाखवणारा आरसाही. आज अनेक एजंट वेगवेगळ्या संस्कृतींतल्या कथा आवर्जून मागतात, त्यामागे हाच विचार आहे. एडिसनमधल्या मराठी मुलीला या पुस्तकात आरसा मिळायला हवा, आणि आरशाला तळटीप नसते. ईराला एखादा शब्द ठाऊक नसेल, तर तिला तो चुकू द्या, विचारू द्या.

पत्र एका पानाचे, सुमारे ३०० शब्दांचे ठेवावे. कथेचा पेच, वयोगट, शब्दसंख्या आणि तुलनेसाठी गेल्या तीन ते पाच वर्षांतल्या, याच वाचकवर्गाच्या एक-दोन पुस्तकांची नावे एवढे त्यात पुरते. मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना कादंबरी फार आवडली, हे वाक्य काढून टाकावे. पुढच्या वेळी सहा-सात जणांनाच पाठवा, म्हणजे पुन्हा दुरुस्ती करावीशी वाटली तर वाट उरते.

प्रश्न : माझ्या १४०० शब्दांच्या इंग्रजी पद्यकथेसाठी भाचीने चित्रे काढली आहेत. परदेशातील एका एजंटने वाचनासाठी ५०० डॉलर मागितले आहेत. द्यावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नयेत. प्रामाणिक एजंट करार झाल्यावर लेखकाच्या उत्पन्नातून हिस्सा घेतो, देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स या संस्थेच्या आचारसंहितेत वाचनशुल्क घेण्यास मनाई आहे. चित्रपुस्तक बहुतेक ३२ पानांचे असते आणि आजकाल त्याचा मजकूर ५०० शब्दांच्या आसपास अपेक्षित असतो. चित्रकाराची निवड प्रकाशक करतो, त्यामुळे भाचीची चित्रे सोबत पाठवण्याची गरज नाही. पद्य मोठ्याने वाचून पाहा, कारण एखाद्या ओळीत लय अडखळली तरी एजंट थांबतो; शिवाय यमकांचे भाषांतर अवघड असल्याने परदेशी हक्क विकणेही कठीण जाते. हीच कथा मराठीत लिहिण्याची तयारी असेल, तर मध्यस्थाची गरज नाही. बालसाहित्याच्या मराठी प्रकाशकांना किंवा बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाच्या संपादकांना आपण थेट लिहू शकता.