वाचक विचारतात: दवाखान्याचा हिशोब

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझा आयुर्वेदिक दवाखाना आहे. औषधे मीच देतो. आयकराचे रिटर्न ४४एडीए कलमाखाली (प्राप्तीवर ठरावीक टक्के नफा धरण्याची, व्यावसायिकांसाठीची योजना) भरतो. या कलमात वह्या ठेवाव्याच लागत नाहीत, असे ऐकले. खरे का?

उत्तर: निम्मे खरे. (इथली सारी कलमे १९६१ च्या आयकर कायद्याची, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची आहेत.) एकूण प्राप्तीच्या किमान ५० टक्के नफा दाखवलात, तर रोजकीर्द-खतावणीची सक्ती राहत नाही. खर्चाच्या पावत्याही कुणी मागत नाही. पण नफा ५० टक्के असला तरी तो कोणत्या रकमेच्या ५० टक्के, हे दाखवावेच लागते आणि ती रक्कम फक्त रोजच्या नोंदीतून सिद्ध होते.

दुसरे कारण मर्यादेचे आहे. ४४एडीएची मर्यादा ५० लाख रुपये. रोख प्राप्ती एकूण प्राप्तीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तरच ती ७५ लाखांपर्यंत जाते. म्हणजे ६० लाख जमा झाले, तर त्यात रोख ३ लाखांपर्यंतच चालते. रोखीवर चालणाऱ्या दवाखान्याला हे सहसा जमत नाही. प्राप्ती ५० लाखांवर असताना रोखीचा हिस्सा ओलांडला की योजना गेली, ऑडिट आले आणि पूर्ण वह्याही लागल्या. हे कळते ३१ मार्चनंतर, आणि तेव्हा मागच्या जूनमधले रुग्ण कुठून लिहिणार?

म्हणून योजना कोणतीही घ्या, डेली केस रजिस्टर ठेवाच. आयकर नियम ६एफ मध्ये त्याचा नमुना फॉर्म ३सी म्हणून दिला आहे आणि तो वैद्य, हकीम, दंतवैद्य, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट अशा सर्वांसाठी आहे. रकाने साधे आहेत: तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, सेवेचा प्रकार (तपासणी, इंजेक्शन, व्हिजिट, शस्त्रक्रिया), मिळालेली फी आणि ती मिळाल्याची तारीख. याला ‘रोख/यूपीआय’ असा आणखी एक रकाना स्वतःहून जोडा. ५ टक्क्यांचा हिशोब त्यातूनच निघतो.

फी न घेतलेला रुग्णही लिहा आणि पुढे शून्य घाला. नाहीतर वर्षभरात खरेदी केलेल्या सिरिंज आणि रजिस्टरमधली इंजेक्शने यांचा मेळ बसत नाही, आणि चौकशीत पहिला प्रश्न तिथेच येतो. उधारी राहिली तर रुग्ण त्या दिवशी लिहा, फीची तारीख पैसे येतील तेव्हा भरा.

दवाखाना बंद करताना गल्ला मोजा: सकाळची शिल्लक, अधिक रोख फी, वजा रोख खर्च, वजा बँकेत भरलेली रक्कम. उत्तर गल्ल्याशी जुळत नसेल तर फरक त्याच दिवशी लिहून ठेवा. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले पैसेही ‘उचल’ म्हणून लिहा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. यूपीआयचा क्यूआर कोड दवाखान्याच्या वेगळ्या खात्याचाच लावा. फी घरच्या बचत खात्यात जात राहिली, तर भाच्याने परत केलेले पैसे आणि रुग्णाची फी वेगळी करता करता सीएचा जीव जातो.

औषधे तुम्हीच देता, म्हणून एक गोष्ट जास्तीची. वह्या ठेवणे लागू असेल तेव्हा १ एप्रिल आणि ३१ मार्च या दोन्ही दिवशी औषधे व इतर वापराच्या वस्तूंच्या शिल्लक साठ्याची यादी लागते. ३१ मार्चच्या रात्रीची यादीच दुसऱ्या दिवसाची आरंभीची यादी होते, तेव्हा काम वर्षातून एकदाच आहे.

प्रश्न: मी भूलतज्ज्ञ आहे, तीन रुग्णालयांत जाते. खात्यात आलेली रक्कम आणि २६एएस (माझ्या नावे कापलेल्या कराचे आयकर खात्याचे विवरण) यांचा आकडा कधीच जुळत नाही.

उत्तर: जुळणारच नाही, कारण खात्यात टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा होऊन पैसे येतात. महिन्याची फी ८०,००० आणि १९४जे (व्यावसायिक फीवरील टीडीएसचे कलम) खाली १० टक्के कपात ८,००० असेल, तर बँकेत ७२,००० दिसतील. नोंद मात्र ८०,००० ची करा आणि ८,००० टीडीएसच्या खात्याला टाका. ७२,००० उत्पन्न धरले की प्राप्ती कमी दाखवल्याची नोटीस येऊ शकते. प्रत्येक रुग्णालयाकडून रुग्णांच्या नावांसह मासिक विवरण मागून घ्या.

दुसरी अडचण मार्चची. रुग्णालय मार्चच्या फीवर त्याच वर्षात टीडीएस दाखवते, पैसे एप्रिलमध्ये देते. तुम्ही रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे आल्यावर उत्पन्न धरत असाल, तर त्या टीडीएसचे श्रेय रिटर्नमध्ये पुढच्या वर्षाकडे न्या. तसा रकाना टीडीएसच्या तक्त्यातच आहे. एखादे रुग्णालय १९२ कलमाखाली कपात करत असेल, तर ते तुम्हाला पगार देते आहे. ती रक्कम ४४एडीएत बसत नाही.

प्रश्न: शस्त्रक्रियेचे बिल २,४०,००० झाले. नातेवाइकांनी भरतीच्या वेळी आणि घरी सोडताना असे दोनदा १,२०,००० रोख दिले. चालेल?

उत्तर: नाही. २६९एसटी कलमानुसार एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, मग ती कितीही हप्त्यांत, कितीही नातेवाइकांकडून येवो. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो मिळालेल्या रोख रकमेइतकाच असू शकतो. रोख दोन लाखांच्या आत ठेवा, बाकी यूपीआय, बँक ट्रान्सफर किंवा अकाउंट पेयी चेकने घ्या. काउंटरवरच्या माणसाला हे आजच सांगा, कारण रात्री अकरा वाजता पावती तोच फाडतो.

प्रश्न: जुने रजिस्टर कधी रद्दीत घालावे?

उत्तर: संबंधित कर-निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे वर्ष) संपल्यापासून सहा वर्षांनी. २०२५-२६ या आर्थिक वर्षाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. त्याचे कर-निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२७ ला संपते, तेव्हा रजिस्टर ३१ मार्च २०३३ पर्यंत जपा. प्रकरण पुन्हा उघडले असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत. रद्दीवाल्याला मात्र देऊ नका. त्यात रुग्णांची नावे असतात, म्हणून फाडून नष्ट करा.