भाषणांचा तास बंद करा आणि तिची वही तिला परत द्या

एका वडिलांचं पत्र आलंय, थोडक्यात असं: मुलगी अकरावी सायन्सला, मार्क चांगले, पण मेडिकल-इंजिनियरिंग नको म्हणते. म्हणून "आम्ही डिझाईन थिंकिंग आणि क्रिएटिव्ह लीडरशिप हे क्षेत्र निवडलंय." वडील रोज रात्री तासभर तिला मोठ्या उद्योजकांची भाषणं दाखवतात, पंधरा दिवसाला एक चरित्र वाचून नोट्स काढायला लावतात, दोन ऑनलाईन सर्टिफिकेटंही झालीत. तरी "एकही नवीन कल्पना येत नाही, उलट टाईमपास वाढलाय." आजोबांना हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा एक्स-रेच्या दाराशी किती माणसं चुकून येतात आणि परत फिरतात त्याच्या रेघा ती वहीत ओढत बसली होती. वही सध्या वडिलांकडे जप्त. प्रश्न आहे, प्रेरणेसाठी अजून काय वाचायला-बघायला द्यावं?

नमस्कार. काहीच देऊ नका. निदान सध्या तरी नको.

पत्र मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा त्या वहीपाशीच अडकले. मार्कांची मला अजिबात काळजी वाटली नाही, काळजी वाटली ती "आम्ही निवडलंय" या दोन शब्दांची, कारण एवढ्या मोठ्या पत्रात ती स्वतः काय म्हणते याचं एक वाक्य नाहीये. दिवसभर कॉलेज आणि क्लास करून आलेल्या पोरीला रात्री समोर बसवायचं, भाषण ऐकवायचं आणि वर विचारायचं की बोल, आज काय सुचलं, यात कुणालाही काय सुचणार हो? ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून बाबांना कुठलं उत्तर आवडेल तेवढंच शोधत असणार. आणि डिझाईन थिंकिंगमध्ये, म्हणजे माणसांची अडचण आधी नीट बघायची आणि मग उपाय करून-करून तपासायचे या कामात, त्याच सवयीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण इथे सुरुवातीच्या बऱ्याच कल्पना फसणारच असतात आणि त्या फसलेल्या कल्पना कुणापुढे तरी न घाबरता मांडता याव्या लागतात.

तुम्हाला लीडरशिपचं फार आहे म्हणून एक उदाहरण देते. अॅनिमेशनचे सिनेमे काढणाऱ्या पिक्सार कंपनीत 'ब्रेनट्रस्ट' नावाची बैठक असते. दिग्दर्शक आपला अर्धाकच्चा सिनेमा दाखवतो, बाकीचे अनुभवी लोक कुठे जमत नाहीये ते तोंडावर सांगतात, पण अमुक बदल कर असा हुकूम सोडायचा अधिकार त्या बैठकीला नसतो, शेवटचा निर्णय दिग्दर्शकाचाच. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एड कॅटमल यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं जपली, आणि ते स्वतः कोण, तर लहानपणी अॅनिमेटर व्हायचं होतं पण आपला हात तेवढा चांगला नाही असं वाटून फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सकडे गेलेला माणूस. आता तुमच्या घरातल्या रात्रीच्या तासात असं अर्धकच्चं काही बोलायची सोय आहे का, ते तुम्हीच बघा.

आता मुख्य गैरसमज. प्रेरणा ही मोठ्या माणसांच्या आयुष्यात साठवलेली असते आणि भाषणा-पुस्तकांतून ती आपल्या मुलांत ओतता येते, असं तुम्ही धरून चाललाय. पॅट्रिशिया मूर या अमेरिकन डिझायनरचं काय झालं बघा. ती नोकरीत नवीन होती, फ्रीजच्या दाराबद्दल मीटिंग चालली होती आणि तिने विचारलं की संधिवाताने हात आखडलेल्या माणसाला हे दार उघडता येईल का. उत्तर आलं, आपण अशा लोकांसाठी डिझाईन करत नाही. मग १९७९ मध्ये, वय २६, तिने ऐंशीच्या पुढच्या म्हातारीचं सोंग घेतलं आणि नुसता विग आणि सुरकुत्या नाहीत बरं का, धूसर दिसेल असा चष्मा, कानात बोळे, पाय सहज वाकू नयेत म्हणून बांधलेले. अशी ती १९८२ पर्यंत अधूनमधून अमेरिका-कॅनडातल्या शंभरावर शहरांत फिरली. जड दार, बसची उंच पायरी, लोकांचं वागणं, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. वय झालेल्यांनाही वापरता येतील अशा वस्तू आणि जागा करायच्या, हा आग्रह धरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत तिचं नाव आज घेतात. हे सगळं एका फ्रीजच्या दारापासून सुरू झालं.

सर्टिफिकेटांचंही तसंच. डग डिट्झ हा जीई कंपनीत एमआरआय मशीन डिझाईन करायचा. मशीन उत्तम होतं, स्वतःचं काम बघायला तो हॉस्पिटलमध्ये गेला आणि तपासणीला आलेली एक छोटी मुलगी भीतीने रडताना त्याला दिसली. बऱ्याच लहान मुलांना गुंगीचं औषध दिल्याशिवाय तपासताच येत नाही हे त्याला तिथे कळलं. त्यानंतर तो स्टॅनफर्डला डिझाईन थिंकिंग शिकायला गेला, लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या लोकांना जाऊन भेटला, आणि मशीनच्या आतलं तंत्र तसंच ठेवून त्या खोलीचं समुद्री चाच्यांचं जहाज करून टाकलं. गुंगी द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या खूप खाली आली. कोर्स त्याने केलाच की, पण रडणारी मुलगी आधी बघितली होती म्हणून त्या कोर्सचा उपयोग झाला. तुमच्या मुलीच्या दोन सर्टिफिकेटांच्या आधी तिने काय बघितलं होतं?

आणि बघितलं तेव्हा तुम्ही वही काढून घेतलीत. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. माणसं कुठे चुकतात ते कुणी न सांगता, कंटाळा न करता मोजत बसणं, पगार घेऊन डिझायनर लोक हेच करतात. अजून तिने काही सोडवलं नाहीये, हेही खरं. यापुढे तिला कळायला हवं की चुकणाऱ्या माणसाने पाटी वाचलीच नव्हती का, की वाचूनही त्याचा अर्थ लागला नाही, की कुणीतरी तोंडी "सरळ जा" म्हणून सांगितलं होतं. तिला तिथल्या स्टाफची परवानगी घेऊन परत जाऊ दे, पेशंटची नावं-फोटो काही घ्यायचं नाही, साध्या कागदावर मोठ्या अक्षरात पाटी लिहून लावू दे आणि पुन्हा रेघा मोजू दे. फरक पडला नाही तरी चालेल, का पडला नाही ते ती शोधेल.

क्षेत्राबद्दल सरळच सांगते, डिझाईन थिंकिंग ही कामाची पद्धत आहे, बारावीनंतर थेट त्यातच करिअर असं काही नसतं. आधी हाताला एक काम यावं लागतं, प्रॉडक्ट डिझाईन, आर्किटेक्चर, कोडिंग, मानसशास्त्र, काहीही, आणि टीमचं नेतृत्व बरीच वर्षं काम केल्यावर मिळतं. यूसीड, एनआयडीची डॅट, निफ्ट या डिझाईन कॉलेजांच्या प्रवेश परीक्षा तुम्हाला माहीत असतीलच, विषयांच्या अटी संस्थेगणिक बदलतात तेव्हा त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा. ड्रॉईंगची सवय मात्र आत्तापासून हवी, तीही जप्त केलेल्या वहीत होणार नाही.

तिला डिझाईनच करायचंय असंही मी म्हणत नाही. कदाचित तिला माणसांच्या वागण्यात रस असेल, कदाचित हॉस्पिटल कसं चालतं त्यात. हे तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही, म्हणून पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि ते पाठवायच्या आधी वाचायला मागू नका.