नागपूरहून एका दिवसात घनदाट, हिरव्यागार दरीचा ट्रेक करायचा आहे. कुठे जाऊ आणि कसं ठरवू?

तुम्ही लिहिलंय की चौघं आहात, दोघांना ट्रेकची अजिबात सवय नाही, आणि वर्षावनात असते तशी शेवाळलेल्या कड्यांची, फर्नची, वाहत्या पाण्याची दरी पायी बघायची आहे. मी पातालकोटची दरी सुचवीन.

खरं वर्षावन आपल्या भागात नाही, आपलं जंगल पानगळीचं. पण दरी खोल असली की तळाशी ऊन कमी पोचतं, वारा लागत नाही, झिरपणारं पाणी लवकर आटत नाही. त्यामुळे वर साग वाळायला लागला तरी खाली नाल्याकाठी जांभूळ, अर्जुन, आंबा हिरवेच असतात. ओल्या खडकाच्या भेगांतून हंसराज नावाचा फर्न लोंबताना दिसेल. काळेभोर, केसासारखे बारीक देठ आणि त्यांवर पंख्याच्या आकाराची इवलीशी पानं. तिथे दोन मिनिटं थांबून जवळून बघा, हात मात्र लावू नका. पचमढीच्या घळीही अशाच फर्नसाठी नावाजलेल्या आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तिथे फार गर्दी. आणि चिखलदऱ्याच्या आसपासचं बरंच जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे मनात आलं आणि दरीत उतरलो असं करता येत नाही.

पातालकोट मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, तामिया गावाच्या पुढे. घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी, कड्यापासून तळ साधारण १२०० ते १५०० फूट खाली. क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर, आत भारिया आणि गोंड आदिवासींची १२ गावं. दूधी नदी याच दरीतून वाहत पुढे नर्मदेला मिळते.

आता नियोजन. डोंगरावर आधी चढ असतो, थकलात तर अर्ध्यातून खाली येता येतं. दरीत उलटं आहे. सकाळी ताज्या पायांनी मजेत उतरता आणि सगळा चढ दुपारी, दमल्यावर, समोर उभा राहतो. म्हणून दिवस शेवटाकडून मोजत या. नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि कड्याच्या सावलीमुळे दरीत त्याआधीच अंधारून येतं. म्हणजे साडेचारला सगळे वर हवेत. नवख्यांना एवढ्या चढाला थांबत-थांबत दोन तास धरा, वर अर्धा तास राखून ठेवा. मग दोन वाजता परत फिरायचंच, पुढे कितीही सुंदर दिसत असलं तरी. ही वेळ आदल्या रात्रीच चौघांत पक्की करा, कारण खाली पाण्याकाठी बसल्यावर कोणालाच उठावंसं वाटत नाही. उतरायला दीड तास लागतो. सकाळी आठला निघालात तर तळाशी चार-साडेचार तास मिळतात, आणि ते भरपूर आहेत.

याचा अर्थ पहाटे नागपुरातून निघून रात्री परत, हा बेत सोडा. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया आणि पुढे छिंदी असा जवळजवळ २०० किलोमीटरचा रस्ता आहे, मध्ये सिल्लेवानीचा घाट लागतो. दरीतून वर आल्यावर थकलेल्या माणसाने रात्री घाटातून गाडी चालवावी हे मला पटत नाही. शनिवारी दुपारी निघा, उजेडात तामियाला पोचा. तिथे विश्रामगृह आहे, आसपासच्या गावांत होमस्टेही झाले आहेत. रविवारचा पूर्ण दिवस चालण्यासाठी ठेवा आणि जमलं तर सोमवारी सकाळी परत या.

महिना ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. ओढ्यांना पाणी असतं आणि वाटा वाळलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दरी सर्वांत हिरवी दिसते हे खरं, पण तेव्हा नवख्यांना घेऊन तळाशी जाऊ नका. तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असेल, पण वर पठारावर पाऊस पडून राहिला असेल तर नाला बघता-बघता चढतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काड्या-पानं वाहून यायला लागली, की पिशव्या आवरत बसायचं नाही, सरळ उंचावर जायचं.

ओढ्यातल्या दगडांवर चालताना रंग बघा. फिकट, करडा, कोरडा दगड चांगला. हिरवट-काळा चकाकत असेल तर तो शेवाळाचा, त्यावर पाय देऊ नका. बुटांचा तळ खाचांचा हवा, नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. उतारावर गुडघ्यांना काठीचा खूप आधार होतो. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, पोळी-चटणी, मोसमाची संत्री, टॉर्च आणि एक सुका शर्ट, एवढं पुरे. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर लावू नका, खाली चूल-शेकोटी पेटवू नका, आरडाओरडा नको. मोबाइलला दरीत रेंजचा भरवसा नाही. कुठे उतरतोय आणि किती वाजता वर येणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा.

आणि वाटाड्या गावातलाच घ्या, याबाबतीत मी आग्रही आहे. आता काही गावांपर्यंत रस्ता उतरला आहे, पण रानातल्या पायवाटा फाटत जातात आणि त्या तिथल्या माणसालाच कळतात. कोणती वाट तुमच्यातल्या नवख्यांना झेपेल हेही तोच सांगेल. शिवाय ही लोकांची राहती गावं आहेत. अंगणात, देवाच्या जागी विचारल्याशिवाय शिरू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, झाडपाला-मुळ्या उपटून आणू नका. भारिया लोकांचं औषधी वनस्पतींचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, विचारलंत तर वाटाड्या चालता-चालता कितीतरी झाडं ओळखून दाखवेल. त्याचे पैसे निघण्याआधीच ठरवा आणि घासाघीस करू नका. शक्य असेल तर जेवणही त्याच्याच घरी आधी सांगून ठेवा, मक्याची भाकर आणि टमाट्याची चटणी. मग पोळ्यांचा डबा न्यायची गरजच नाही.