फणसाच्या वतीने कोण उभं राहील?

बाय,

पत्र दोनदा वाचलं. काका-मामांची वाटणी व्हायच्या आत आजीचा फणस फणसाच्याच नावावर करायचा, आणि कागद कसा करायचा ते मी सांगायचं. झाडं का राखायची हे तुला सांगत बसत नाही. प्रश्न एकच विचारतो : त्याच्या वतीने कोण उभं राहील?

अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्स गावचा ओक तू लिहिलास. कर्नल जॅक्सनने झाडालाच झाडाची मालकी दिली, भोवतालच्या 8 फूट जमिनीसकट, असं सांगतात. मुळात ते दानखत कायद्यात टिकणारं नव्हतंच. घेणाराही कायद्याच्या नजरेत कोणी असावा लागतो. 1942 मध्ये ओक कोसळला. मग त्याच्याच बीचं रोप 1946 मध्ये तिथल्या बायकांच्या बागकाम मंडळाने त्याच जागी लावलं, आणि गाव अजून त्या झाडाला मालक मानतं. खतात दम नव्हता, बायकांत होता.

आपल्याकडे हे नवं आहे का? देवाच्या नावावर जमीन असते, देव दावा लावतो. पण देव कोर्टाची पायरी चढतो का? देवळाचे महाजन चढतात. उलट उत्तराखंडच्या हायकोर्टाने मार्च 2017 मध्ये गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, पालक म्हणून सरकारी अधिकारी नेमले, आणि सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं : पुरात नुकसान झालं तर भरपाई कोणी द्यायची? जुलैत स्थगिती आली. पालकालाच पालक व्हायचं नव्हतं. त्याच वर्षी न्यूझीलंडने वांगानुई नदीसाठी कायदा केला, त्यात नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं ठेवली : एक सरकारकडून, एक तिथल्या मूळच्या माओरी लोकांकडून. समजलं?

समजलं नसेल तर माझं ऐक. रस्ता रुंदीकरणात एक मानकुराद आंबा जाणार होता. मी अर्जात झाडाच्या हक्कावर अकरा पानं लिहिली, परदेशी निकाल जोडले. शुक्रवारी संध्याकाळी मनाई हुकूम मिळाला. प्रत सोमवारी नेऊन देऊ म्हटलं. शनिवार-रविवार ऑफिसं बंद, आणि घरी पाहुणे होते, हेही खरं. सोमवारी गेलो तर बुंध्यावर बसून कामगार चहा पीत होते. भुसा ओला होता, चीक अजून गळत होता, आणि शाळेची पोरं कच्चे आंबे वेचत होती. हुकूम माझ्या फाइलीत होता. तिथे कोणी उभं नव्हतं.

प्रत त्याच रात्री मोटारसायकलवरून नेता आली असती. पण मी वकील, राखणदार नाही, असं मी तेव्हा म्हणालो. अजूनही कधीकधी म्हणतो. अकरा पानं वाया गेली असंही मी मानत नाही, तू काहीही म्हण.

नुसत्या कायद्यावर विसंबू नको. गोव्याचा 1984 चा वृक्ष कायदा आहेच. खाजगी जमिनीतलं झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. पण 2016 मध्ये एका दुरुस्तीने माड 'झाड' राहिला नाही, 2017 मध्ये पुन्हा झाला. मधल्या काळात माडाला काही कळलं असेल का? ओरडली माणसंच.

आता तुझ्या कामाचं. आपल्या गोव्यात आजीला मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेचं हवं तसं करता येतं. उरलेला निम्मा हक्काच्या वारसांचा. म्हणून फणसाच्या नावाचा हट्ट सोड. फणस आणि त्याखालची जमीन त्या निम्म्यातून तुला द्यावी, नाहीतर इन्व्हेन्टरीत, म्हणजे वारसांच्या कोर्टातल्या वाटणीत, तो तुकडा तुझ्या वाट्याला यावा, असं बघ. आणि तू पुण्याला असताना कोण? नाव दे. 'सगळे बघतील' हे नाव नव्हे. शेजारची वहिनी असली तरी चालेल, पण तिला विचारून ये.

येताना बुंध्याचा घेर मोजून आण, छातीच्या उंचीला सुतळी धरून. सुतळीचं दुसरं टोक काकाच्या हातात दे.