फारकत घेण्याआधी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी वाचली. बेताची आहे, पाल्हाळ नाही. फक्त एका ओळीवर माझं बोट थांबलं. आयुष्यभर मुद्रितं तपासली, ती खोड जात नाही. 'संचालकांनी या निर्णयाशी फारकत घेतली', असं तू लिहिलंयस. आणि खाली तुझ्याच बातमीत ते सांगतात, की त्या बैठकीला आपण नव्हतोच. मग जो आत गेलाच नाही, तो बाहेर कसा पडला? फारकत घ्यायला आधी नातं लागतं, लेका.

हा शब्द मुळात कागदाचा. अरबी-फारसीतून आलेला 'फारिगखत', म्हणजे देणंघेणं मिटलं, आता आपला एकमेकांवर हक्क नाही, असं लिहून दिलेलं खत. घासून घासून त्याचं फारकत झालं. 'सोडचिठ्ठी'तसुद्धा चिठ्ठी आहेच. 'काडीमोडा'त कागद नाही, पण मोडलेली काडी आहे. आणि आज कोर्टात होतो तो 'घटस्फोट'? धर्मशास्त्रात जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या नावानं घडा फोडत, तो विधी हा. खत, काडी, घडा: प्रत्येक शब्दात काहीतरी डोळ्यांना दिसणारं आहे. म्हणून लिहिण्याआधी बघायचं, इथं नक्की काय मोडलं आणि ते कुणी पाहिलं.

तुझ्या संचालकांनी काही मोडलं नाही. त्यांनी कानावर हात ठेवले. पण तेही लिहू नकोस, कारण त्यात ते खोटं बोलतायत असा वास येतो आणि तुझ्याकडे पुरावा नाही. 'हात झटकले'चंही तेच. 'आपला संबंध नसल्याचं त्यांनी सांगितलं' एवढं पुरे. रुक्ष वाटतं, वाटू दे.

मी हे शहाणपण फुकटात मिळवलेलं नाही. उमेदवारीच्या दिवसांत एका पैलवानाबद्दल मी लिहिलं होतं, 'अखेर त्यानं तालीम सोडली.' दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वस्ताद आमच्या दारात. मला वाटलं, आता काही खरं नाही. वस्ताद आवाजही न चढवता म्हणाले, "सोडली न्हाई, सुटली. गुडघा गेला पोराचा." बस, एवढंच बोलून गेले. आपल्या गावात तालीम सोडली म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पेठेत मान खाली घालून फिरायची वेळ येते. एका क्रियापदानं मी त्या पोराला बेइमान ठरवलं होतं.

सोडणं-सुटणं, तोडणं-तुटणं, मोडणं-मोडून पडणं. आपल्या भाषेत दोष कुणाचा, ते क्रियापदातच ठरून जातं. गाव सोडलं की सुटलं, नोकरी सोडली की सुटली, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. माझ्या मते बातमीदारीतलं निम्मं व्याकरण इथंच आहे.

परवा तू वारणेच्या तहावर लिहिणार म्हणालास. 1731 साली कोल्हापूरनं साताऱ्याशी फारकत घेतली, असं कृपा करून लिहू नकोस. दोन चुलतभावांनी वारणा नदी हद्द धरली, ती वाटणी. चूल वेगळी झाली तरी भाऊबंदकी राहतेच की! आणि 1949 साली संस्थान मुंबई प्रांतात गेलं, ते विलीनीकरण.

राहता राहिले 'तटस्थ' आणि 'अलिप्त'. हे दोन्ही तू एकाच मापानं मोजतोस. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाणी त्याच्यापर्यंत आलेलंच नाही. अलिप्त म्हणजे पाण्यात असून पाणी न चिकटलेला, कमळाच्या पानासारखा. 2019 च्या पुरात पंचगंगेकाठी तटस्थ कुणीच नव्हतं, कारण उभं राहायला काठच उरला नव्हता. अलिप्त मात्र काही सापडले. असो, नावं घेत नाही.

ती ओळ दुरुस्त करून रविवारी ये. संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला जाऊ. येताना वारणेच्या लेखाचा कच्चा खर्डा आण, आणि टाईप केलेला नको, हातानं लिहिलेला आण. समासात मला जागा लागते.

तुझा,
काका