नातीसोबत किसुमूला

प्रश्न : मी ६८ वर्षांची, निवृत्त शिवणशिक्षिका. पंधरा वर्षांच्या नातीला घेऊन केनियात किसुमूला, एका संस्थेतल्या बायकांना शिवण शिकवायला जायचं म्हणते. सून धास्तावलीय. काय करू?
– एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, जा की! पण आधी डॉक्टरांकडे. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निदान १० दिवस आधी हवी. दाखला नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. साठीनंतर मात्र ही लस जपून देतात, तेव्हा चालू औषधांची यादी दाखवा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी, तिथे मलेरिया आहे. गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. नातीसाठी आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र न्या, म्हणजे सूनबाईंना पटवणं आलंच! जुन्या कपड्यांची बोचकी मात्र नकोत, तिथल्या बाजारात त्यांचे ढीग असतात. कात्र्या न्या, पण चेक-इनच्या बॅगेत.