भूत राहू द्या, कॅमेरा कोणी धरलाय ते सांगा

प्रश्न (एक वाचक, भुसावळ): भाऊ, मला झोम्बीचे अन् हातात कॅमेरा धरून शूट केलेले हॉरर पिक्चर भलतेच आवडतात. मित्र म्हणतात, काय भो, नुसतं हलतं, दिसत तर काहीच नाही. ‘रेक’ मला जाम भारी वाटला पण तसले बाकीचे बरेच बोर झाले. माझीच आवड गंडलीये का?

उत्तर: नाही रे भो, आवड बरोबर आहे. अशा पिक्चरमध्ये मी एकच बघतो, जीव जायची वेळ आली तरी हा बाबा कॅमेरा खाली का ठेवत नाही? ते पटलं की पिक्चर जमला. २००७ च्या ‘रेक’मध्ये टीव्हीची रिपोर्टर अन् तिचा कॅमेरामन फायर ब्रिगेडची नाइट ड्युटी शूट करायला गेलेले असतात, बार्सिलोनातल्या एका बिल्डिंगमधून कॉल येतो, हे आत जातात अन् बाहेरून बिल्डिंग सील होते. शूट करणं ही त्याची नोकरीच आहे. अन् शेवटी (पाहिला नसेल तर ही ओळ सोडून दे) लाइट जाते, फक्त कॅमेऱ्याच्या नाइट व्हिजनमधून, म्हणजे अंधारात बघायच्या सोयीतून, दिसतं, म्हणजे कॅमेरा ठेवला की आंधळाच. ‘क्लोव्हरफील्ड’मध्ये मात्र अख्खं न्यूयॉर्क कोसळतंय अन् पार्टीतला पोरगा शूटिंग करतोय, मला काही ते झेपलं नाही.

‘ब्लेअर विच’ (१९९९) मध्ये कलाकारांनी स्वतःच कॅमेरा चालवलाय, जंगलात त्यांना खायला दिवसेंदिवस कमी द्यायचे, म्हणून ती चिडचिड खरी वाटते. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’त रात्री बेडरूममध्ये कॅमेरा स्टँडवर, हलणं नाहीच, आपणच कोपरे शोधत बसतो. पण आपल्याकडे मे महिन्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं, बेडरूमच्या दाराला कोण घाबरणार!

प्रश्न (एक वाचक, धुळे): झोम्बी हळू चालणारे चांगले की पळणारे? आमच्या घरात यावरून रोज वाद होतो.

उत्तर: ताई, माझं मत हळूवाल्यांना. १९६८ चा दिग्दर्शक रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ बघा, मुडदे इतके सावकाश येतात की आतल्या माणसांना भांडायला वेळ मिळतो, तळघरात बसायचं की वर थांबायचं यावरूनच त्यांची जुंपते अन् खरा घात तिथंच होतो. पळणारे आले की फक्त धावाधाव. अपवाद कोरियाचा ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६), तिथं पळायला डबाच आहे, अन् बोगदा आला की झोम्बींना दिसत नाही, त्या दोन-चार मिनिटांत पुढच्या डब्यात सरकायचं. ‘२८ डेज लेटर’ पिक्चरमधले पळणारे तर मेलेलेच नाहीत, व्हायरस लागलेली जिवंत माणसं आहेत, त्यामुळे घरच्या वादात ते धरू नका. मराठीत पाहायचा तर २०२२ चा ‘झोंबिवली’ आहे, डोंबिवलीत घडतो, घाबरण्यापेक्षा हसणं जास्त.

प्रश्न (एक वाचक, चोपडा): हलणारा कॅमेरा बघून मळमळतं, काय करू?

उत्तर: डोळे सांगतात आपण पळतोय अन् कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत बसलोय, त्यातनं हे होतं. लाइट चालू ठेवा, स्क्रीनपासून लांब बसा, गरगरलं की नजर भिंतीकडे वळवा. अन् भरीत-पुरी दाबून लगेच पिक्चर लावू नका.